दिंडीच्या गाडीतली बॅटरी : शिसे की लिथियम?
(पाठ-लेख, इयत्ता सातवी-आठवीसाठी. विषय : सामान्य विज्ञान आणि गणित)



आठवीच्या विज्ञानात 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा पाठ आहे. त्यात शुष्क घट येतो, लेड-आम्ल घट येतो, निकेल-कॅडमियम घट येतो. मुले आकृती काढतात, नावे देतात, परीक्षेत दोन गुण मिळवतात. पण घरातल्या इन्व्हर्टरचा पाठातल्या लेड-आम्ल घटाशी संबंध आहे, हे विचारल्याशिवाय त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून हा पाठ मी सध्या एका खऱ्या प्रश्नावरून घेते. प्रश्न आमच्या गावच्या दिंडीचा आहे.

आपल्या वऱ्हाडातून पंढरपूरला पायी जाणाऱ्या पालख्या खूप जुन्या आहेत. तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी १५९४ पासून चालते असे सांगतात. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी पारस, अकोला, पातूर अशी पुढे जाते. यांच्याशिवाय गावोगावच्या लहान दिंड्या असतात, पन्नास-साठ माणसांच्या. त्यांच्याबरोबर एक टेम्पो किंवा ट्रक असतो. त्यात किराणा, गॅस, भांडी, अंथरुणे, औषधाची पेटी, पखवाज आणि एक साउंड. परदेशात लोक घरासारखी सजवलेली गाडी घेऊन महिनामहिना फिरतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही अशा कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मी मुलांना सांगते, आपल्याकडची कॅराव्हॅन म्हणजे दिंडीची गाडी! महिनाभर त्या माणसांचे घर तेच.

या घराला वीज लागते. रात्री उजेड पाहिजे, कारण दिंडीत साठी-सत्तरीच्या आया-बाया असतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर मुक्कामाच्या जागी विंचूकाट्याचे भय असते. आमच्या दिंडीत बारा व्होल्टचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची एक ट्यूब्युलर बॅटरी होती. तक्रार एकच : नवी बॅटरी पहिल्या वर्षी चालते आणि दुसऱ्या वर्षी निम्म्या वाटेत बसते. दोनदा असे झाले. मंडळातले एक काका म्हणाले, "मॅडम, आता लोकं म्हणतात लिथियम घ्या. पण पैसे वर्गणीचे हायेत. तुम्ही पोरायले शिकवता, तर आमालेही सांगा." तो हिशोब मी सातवी-आठवीच्या मुलांकडूनच करून घेतला.

आधी मागणी मोजायची

बॅटरी कोणती घ्यायची हे दुकानात ठरवू नये, वहीवर ठरवावे. मुलांनी दिंडीत जाऊन आलेल्या आजी-आजोबांना विचारून यादी आणली. प्रत्येक वस्तूचे वॅट आणि रोजचे तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास.

एलईडी बल्ब ६, प्रत्येकी ९ वॅट, ५ तास : २७० वॅट-तास
लहान पंखे २, प्रत्येकी ४० वॅट, ६ तास : ४८०
हरिपाठ-कीर्तनाचा साउंड, १०० वॅट, २ तास : २००
मोबाइल २५, प्रत्येकी सुमारे २० : ५००
एकूण : १,४५०

मोबाइलचे २० कुठून आले हे मुलांनी विचारले पाहिजे. नाही विचारले तर आपण विचारावे. चार हजार मिलिअँपिअर-तासाच्या फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची असते. गुणाकार १५.४ वॅट-तास येतो, आणि चार्जरमध्ये जे वाया जाते ते धरून २०.

इथे थांबायचे नाही. इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. तो बॅटरीतली एकदिश धारा घेऊन प्रत्यावर्ती करतो आणि त्यात शंभरातले पंधरा भाग उष्णतेत जातात असे धरू. म्हणजे १,४५० ÷ ०.८५ = सुमारे १,७०६ वॅट-तास. एवढे रोज बॅटरीतून निघाले पाहिजे.

आता जुन्या बॅटरीकडे बघा. १२ व्होल्ट × १५० = १,८०० वॅट-तास. "मग पुरते की, मॅडम!" असे वर्ग एका सुरात म्हणतो. इथेच पाठाची खरी गंमत आहे.

लेबलवरचा आकडा आणि हातात येणारा आकडा

लेबलवरचे १५० हे वीस तासांत हळूहळू रिकामी केल्यास मिळतात, म्हणजे साडेसात अँपिअरने. दिंडीत संध्याकाळी बल्ब, पंखे, साउंड आणि चार-पाच फोन एकदम लागतात. ती ओढ सुमारे २८ अँपिअर होते. लेड-आम्ल घटातून जितक्या जोराने ओढाल तितके एकूण कमी मिळते. शिवाय ही बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली नेऊ नये असा अनुभवी लोकांचा नियम आहे. म्हणजे वापरायला ९०० वॅट-तास. गरज १,७०६. आमची बॅटरी रोज रात्री तळाला जात होती.

पण दुसऱ्या वर्षी बसण्याचे मोठे कारण वेगळेच निघाले, आणि ते मुलांनी शोधले. बॅटरी चार्ज कधी होते? दिंडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालते, पण गाडी ते अंतर तासाभरात कापून पुढे जाते आणि स्वयंपाकाला लागते. म्हणजे इंजिन दिवसातून तासभर सुरू. मुक्कामाच्या देवळात किंवा शाळेत प्लग मिळतो तो दुपारी चार-पाच तास, तोही लाइन असली तर. (पारसला मुक्काम पडला की समोर ५०० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि इकडे दिंडीचे लोक प्लग शोधत असतात, हे एका आजोबांनी हसत सांगितले.) लेड-आम्ल बॅटरी शेवटचा हिस्सा फार सावकाश भरते. चार्जर जोडून ठेवला तरी धारा आपोआप कमी होत जाते, आणि तळाला गेलेली बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास सहज लागतात. ती दिंडीत एक दिवसही पूर्ण भरत नव्हती.

अर्धी भरलेली राहिली तर काय होते? बॅटरी वापरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, आणि चार्ज केली की ते परत विरघळते. दिवसेंदिवस अर्धवट राहिले तर त्याचे कडक स्फटिक बनतात आणि मग ते निघत नाहीत. हे आपल्याकडच्या मुलांना समजावणे सोपे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा त्यांना माहीत आहे. बोअरच्या पाण्याने माठावर आणि बादलीवर पांढरा थर धरतो. रोज घासला तर निघतो. महिनाभर सोडला तर खरवडूनही निघत नाही. पट्टीवर असाच थर बसला की तेवढी जागा कामातून गेली.

खारपाणाचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. ज्यांच्या घरी अजून पाण्याची बॅटरी आहे त्यांनी त्यात डिस्टिल्ड वॉटरच टाकावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी टाकून बॅटऱ्या मारल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत.

लिथियम म्हणजे नेमके काय

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लेड-आम्ल घट बनवला. म्हणजे आपली इन्व्हर्टरची बॅटरी १८५७ च्या उठावाच्या काळातली आहे! लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, आणि तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इन्व्हर्टरसाठी आपण जिचा विचार करतो ती लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची. तिचा पाया असलेला १९९७ चा शोधनिबंध गुडइनफ यांच्यासोबत पाढी आणि नंजुंडस्वामी या दोन भारतीय नावांचा आहे. वर्गात ही नावे फळ्यावर जरूर लिहा.

काम कसे चालते? लिथियमचे आयन एका बाजूच्या ग्रॅफाइटमधून दुसऱ्या बाजूच्या लोह-फॉस्फेटमध्ये जातात आणि चार्ज करताना परत येतात. सल्फेटचा थर नाही, आम्ल नाही, पाणी टाकणे नाही. एका घटाचे ३.२ व्होल्ट, चार घट ओळीत जोडले की १२.८. मुलांना विचारा : लेड-आम्ल घट साधारण २ व्होल्टचा, मग १२ व्होल्टच्या बॅटरीवर सहा बुचे का असतात? उत्तर लगेच येते.

दिंडीच्या दृष्टीने तिचे दोन गुण महत्त्वाचे. पहिला, ती अर्धवट भरलेली राहिली तरी तिला काही होत नाही. उलट तिला ते मानवते. दुसरा, ती शेवटपर्यंत जवळजवळ त्याच वेगाने भरते. वीस अँपिअरचा चार्जर म्हणजे २० × १३.५ = २७० वॅट. दुपारच्या चार तासांत हजारावर वॅट-तास आत जातात.

वजनही सांगते. १५० ची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची, दोन माणसांनी उचलायची. १०० ची लिथियम बारा-तेरा किलोची, म्हणजे गव्हाच्या अर्ध्या कट्ट्याएवढीही नाही.

यादी बदलली की किंमत बदलते

लिथियम अँपिअरला अँपिअर घेतली तर ट्यूब्युलरच्या दुप्पट-तिप्पट किमतीला जाते. १,७०६ वॅट-तास हवे तर १५० अँपिअर-तासाची लागेल : १२.८ × १५० × ०.९ = १,७२८. (लिथियम नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते म्हणून ०.९.) पण वर्गातल्या एका मुलीने यादीवर बोट ठेवले. मोबाइल रात्री बॅटरीवर का लावायचे? दुपारी लाइन असते तेव्हा सरळ प्लगवरून लावले तर?

५०० कमी झाले. उरले ९५०, भागिले ०.८५ म्हणजे १,११८. आणि १०० ची लिथियम देते १,१५२. काठावर पास! पंखे एक तास कमी चालवले तर थोडी सवडही राहते. त्या मुलीच्या एका प्रश्नाने बॅटरीची एक तृतीयांश किंमत वाचली. मंडळाच्या काकांना मी वही दाखवली तेव्हा त्यांनी आधी मुलीचे नाव विचारले, मग बेरीज तपासली.

जुना इन्व्हर्टर चालेल का?

लोकांना वाटते बॅटरी काढली, बॅटरी ठेवली, झाले. तसे नाही. जुना इन्व्हर्टर लेड-आम्लच्या सवयीने चार्ज करतो. काही यंत्रे मधूनमधून पंधरा व्होल्टच्या वर जातात, पट्ट्यांवरचा थर सोडवायला. चार घटांच्या लिथियमची वरची मर्यादा १४.६ आहे. तिच्या आत एक पहारेकरी सर्किट असते, त्याला बीएमएस म्हणतात. मर्यादा ओलांडली की ते बॅटरी तोडून टाकते, आणि ऐन हरिपाठात अंधार. म्हणून इन्व्हर्टरवर लिथियमची सेटिंग आहे का ते पाहावे, नसेल तर चार्जर वेगळा घ्यावा किंवा इन्व्हर्टरच बदलावा. बदलणारच असाल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर साउंड घूं घूं करतो, तो दोष साउंडवाल्याचा नसतो.

गाडीच्या अल्टरनेटरला लिथियम थेट जोडू नका, हे ठळक सांगते. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढी धारा ओढते आणि तो तापून जळू शकतो. मध्ये डीसी ते डीसी चार्जर लागतो, जो धारा वीस-तीस अँपिअरवर धरून ठेवतो. लहान टेम्पोत बारा व्होल्ट असतात, मोठ्या ट्रकमध्ये चोवीस. चार्जर घेताना हे ड्रायव्हरला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे चार्ज किती उरला ते दाखवणारे दिवे. लेड-आम्लचे व्होल्टेज पाण्याच्या टाकीसारखे उतरते : भरलेली १२.७, अर्धी १२.१ च्या आसपास. बाहेरून पातळी दिसते. लिथियमचे व्होल्टेज मात्र सपाट असते. ऐंशी टक्क्यांना १३.३ तर निम्म्याला १३.१-१३.२, आणि शेवटी एकदम कोसळते. जुने दिवे 'भरलेली, भरलेली' सांगत राहतात आणि अचानक बंद. त्यासाठी आत-बाहेर गेलेली धारा मोजणारा मीटर लावतात. वर्गात मी हे असे दाखवते : एक पारदर्शक बाटली आणि एक रंगवलेली बाटली. पारदर्शक बाटलीत पाणी किती ते बघून कळते. रंगवलेलीत किती कप ओतले आणि किती काढले हे लिहूनच ठेवावे लागते. मुले वजाबाकी आनंदाने करतात.

उन्हाळा आणि गॅसची शेगडी

परदेशी माहितीत लिथियमबद्दल सगळी काळजी थंडीची असते, कारण शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. आपल्याला ती चिंता चिखलदऱ्यातही फारशी नाही. आपली चिंता उलटी. मे-जूनमध्ये अकोला-अमरावतीत पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होते. लिथियमही ४५ अंशांवर चार्ज करणे टाळावे. बॅटरी सावलीच्या बाजूला, खाली, हवा लागेल अशी ठेवावी, आणि फार ताप असेल तर ऊन उतरल्यावर चार्ज करावी. छतावर सोलर पॅनेल बसवायचा विचारही झाला. ३३० वॅटचे पॅनेल कडक उन्हात दिवसाला एक युनिटच्या वर देते, पण ड्रायव्हरकाका गाडी कुठे लावतात? निंबाखाली. आणि ते बरोबरच करतात! पॅनेलचा मुद्दा तिथेच मिटला.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मला सगळ्यात मोठा वाटतो. लेड-आम्ल बॅटरी चार्जच्या शेवटी हायड्रोजन सोडते. बंद गाडीत, शेजारी गॅसची शेगडी आणि उदबत्ती. शिवाय खड्ड्यात गाडी उसळली की आम्ल सांडते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये हा हायड्रोजन नाही, आणि लिथियमच्या प्रकारांत ती जास्त शांत आहे. तरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच, तार जाड हवी आणि टर्मिनलवर झाकण हवे. जुन्या लॅपटॉपचे किंवा गाड्यांचे घट जोडून कोणी स्वस्तात 'लिथियम' बनवून देत असेल तर घेऊ नका. पन्नास माणसे ज्या गाडीशेजारी झोपतात तिथे जुगाड नको.

अकरा महिने काय?

हिशोब इथपर्यंत आला तेव्हा मुलांपैकीच एकाने विचारले, "मॅडम, वारी झाल्यावर बॅटरी काय करते?" काही नाही, मंदिराच्या खोलीत पडून राहते. लिथियम दोन-तीन हजार वेळा चार्ज होते म्हणून ती महाग असूनही परवडते, असे सगळे सांगतात. पण दिंडीत ती वर्षाला तीस-पस्तीस वेळाच चार्ज होणार. दोन हजार व्हायला साठ वारे लागतील! तेवढ्यात ती वयानेच म्हातारी होईल. म्हणजे फक्त दिंडीसाठी घेतली तर पैशाच्या हिशोबात लिथियम बसत नाही, हे मंडळाला स्पष्ट सांगावे लागले. सांगताना जरा जड गेले, कारण लिथियमच्या बाजूने सगळे तयार झाले होते.

त्यावर तोड निघाली ती अशी. आमच्या शाळेत डिजिटल वर्गाचा टीव्ही आहे आणि लाइन गेली की तो भिंतीची शोभा होतो. टीव्ही ८० वॅट, दोन बल्ब, एक पंखा, सगळे मिळून दीडशे वॅटच्या आसपास. १०० ची लिथियम त्यावर सहा तास काढते. तेव्हा बॅटरी आणि इन्व्हर्टर मंडळाने घ्यायचा, वारी सोडून इतर दिवस तो शाळेत राहायचा, आणि शाळा व्यवस्थापन समितीने खर्चाचा वाटा उचलायचा. अडचण एकच : विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि नेमकी तेव्हा बॅटरी पंढरीच्या वाटेवर असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला लाइनही जास्त जाते. जुलैतले ते तीन-चार आठवडे टीव्हीविना काढायचे, असे समितीच्या बैठकीत ठरले. दोन पालकांचा याला विरोध होता आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहिले आहे. मला स्वतःला हा सौदा शाळेच्या फायद्याचा वाटतो.

उन्हाळी सुट्टीत बॅटरी ठेवायची झाली तर निम्मी भरून, तारा काढून, थंड खोलीत ठेवायची. लिथियमची आपोआप होणारी गळती महिन्याला दोन-तीन टक्केच असते. ही नोंद ठेवायचे काम आठवीच्या दोन मुलांकडे दिले आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मीटर बघून वहीत लिहितात.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला तोडायला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्चक्रीकरणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदार बदल्यात पैसेही कमी करतो. अंगणात आम्ल ओतून शिसे काढतात तिथे लहान मुले खेळतात, आणि शिशाचे विष मुलांच्या मेंदूवर जाते.

वर्गासाठी स्वाध्याय : घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचे लेबल वाचून व्होल्ट, अँपिअर-तास आणि खरेदीचा महिना लिहा. (हात लावायचा नाही, बुच उघडायचे नाही, मोठ्यांसोबतच बघायचे.) रात्री लाइन गेल्यावर काय काय सुरू असते त्याची यादी करून वॅट-तास काढा, ०.८५ ने भागा आणि लेबलच्या निम्म्याशी ताडून बघा. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर नाही त्यांनी पिठाच्या गिरणीतला, दवाखान्यातला किंवा ग्रामपंचायतीतला घ्यावा. आकडे जुळले नाहीत तरी वही आणा, न जुळलेल्या वह्या मी आधी तपासते.